फिशरीज युनिव्हर्सिटी रोड

अंधेरी पश्चिमेला, सात बंगल्याजवळ, एका रस्त्याचं नाव फिशरीज युनिव्हर्सिटी रोड आहे. फोनवर मॅप उघडून बघा, दिसेल. घाटकोपरहून निघालेली मेट्रो ११.४ किलोमीटर धावून जिथे थांबते, ते वर्सोवा स्टेशन इथून जवळच. आजूबाजूला टॉवर, जिम, कॅफे, ऑडिशनला निघालेली पोरं. या सगळ्यात 'फिशरीज' आणि 'युनिव्हर्सिटी' हे दोन शब्द एकत्र कसे आले?

हे नाव पडलं केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेवरून. इंग्रजी आद्याक्षरांनी सीआयएफई. संस्थेचा नवा कॅम्पस आता यारी रोडच्या बाजूला आहे. ही संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची. या परिषदेची चार जुनी, मोठी अभिमत विद्यापीठं आहेत. दिल्लीत शेतीचं, बरेलीजवळ इज्जतनगरला पशुवैद्यकाचं, कर्नालला दुधाचं आणि चौथं आपल्या अंधेरीत, माशांचं. कृषी शिक्षणाच्या नकाशावर मुंबईचं उपनगर या जागी आहे.

इथून एमएफएससी किंवा पीएचडी करून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मुलामुलींचं ध्येय एकच असतं: कुठल्यातरी कृषी किंवा मत्स्य विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं, नाहीतर आयसीएआरमध्ये शास्त्रज्ञ. म्हणजे ही शिकवणाऱ्यांना घडवणारी शाळा. आणि या शाळेच्या शेजारी, खाडीच्या तोंडाशी, वर्सोवा कोळीवाडा आहे. मासा जाणणारी माणसं तिथे शाळेच्या कितीतरी आधीपासून राहतात.

या दोन शेजाऱ्यांपैकी 'कृषी' हा शब्द आधी कुणाला मिळाला, ही या लेखाची गोष्ट आहे.

नांगर धरायला लाजणार नाही असा मास्तर

शेती शिकवायची कुणी, हा प्रश्न आपल्याकडे खूप जुना आहे. १८७९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले. त्यातून पुढे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पुण्याचं स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभं राहिलं. या शिक्षणाचा रोख सुरुवातीला सरकारी नोकरीकडे होता. शेतीची माहिती असलेला अंमलदार सरकारला हवा होता.

त्याच काळात, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत शेतीची ओळख करून द्या, ही त्यातली एक मागणी. पण त्याहून महत्त्वाची मागणी शिक्षकाबद्दल होती. शिक्षक शक्यतो कष्टकरी, शेतकरी वर्गातून यावेत. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे. फुल्यांचा मुद्दा फक्त कोणाला नोकरी मिळते एवढाच नव्हता. ज्याला काम येतं आणि ज्याला शिकवायचं येतं, ती माणसं वेगळी पडली तर शिकवणं पोकळ होतं, हे त्यांना दिसत होतं.

सात वर्षांनी ब्रिटिश सरकारने जॉन व्होल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला भारतातली शेती तपासायला पाठवलं. त्याचा अहवाल १८९३ साली छापून आला. भारतीय शेतकरी मागासलेला आहे, हा साहेबांचा समज व्होल्करने खोडून काढला. इथल्या चांगल्या शेतकऱ्याला त्याचं काम उत्तम येतं, अडचण आहे ती पाणी, खत आणि साधनांची, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे बाहेरून आलेला तपासनीसही फुल्यांच्या मुद्द्याच्या जवळच पोहोचला.

पुढे १९०५ मध्ये बिहारात पुसा इथे संशोधन संस्था निघाली आणि १९२९ मध्ये आयसीएआर स्थापन झाली. कॉलेजं, प्रयोगशाळा, पदं असा डोलारा वाढत गेला. व्होल्करचा अहवाल ग्रंथालयात गेला आणि शिक्षक कोण असावा हा प्रश्नही त्याच्या शेजारी जाऊन बसला.

१९६१: मासा म्हणजे समुद्र

स्वातंत्र्याच्या आसपास सरकारने माशांकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. १९४६ मध्ये खोल समुद्रातल्या मासेमारीच्या पाहणीसाठी मुंबईत केंद्र निघालं. १९४७ मध्ये दोन संशोधन संस्था आल्या, सागरी माशांसाठी तामिळनाडूत मंडपमला आणि गोड्या पाण्यासाठी कोलकात्याजवळ बराकपूरला. देश उपाशी होता आणि स्वस्त प्रथिनं हवी होती.

पण प्रत्येक राज्याच्या मत्स्य खात्यात नेमायला शिकलेली माणसं कुठे होती? मत्स्यशास्त्राची पदवी देणारं एकही कॉलेज तेव्हा देशात नव्हतं. पहिलं कॉलेज १९६९ मध्ये मंगळूरला निघालं. तोवर प्राणिशास्त्राचे पदवीधर खात्यात घ्यायचे आणि ते काम करता करता शिकणार, असा कारभार.

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी केंद्र सरकारच्या समितीने दोन वेगळ्या संस्था सुचवल्या. एक अधिकाऱ्यांसाठी आणि दुसरी बोटीवरच्या माणसांसाठी. त्यानुसार ६ जून १९६१ रोजी मुंबईत सीआयएफई सुरू झाली, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची मदत घेऊन. दोन वर्षांनी बोटीचे तांडेल, इंजिनवाले, जाळेवाले घडवणारी संस्था कोचीला निघाली.

आखणी बारकाईने पाहा. डोक्याची शाळा मुंबईत आणि हातांची कोचीत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला आर्किटेक्चरचा निर्णय म्हणतात. सुरुवातीला सोयीसाठी केलेली विभागणी पुढे इतकी पक्की होते की ती विभागणी आहे हेच कुणाला आठवत नाही.

सीआयएफईचे पहिले विद्यार्थी कॉलेजातली पोरं नव्हती. वेगवेगळ्या राज्यांच्या मत्स्य खात्यांत आधीच नोकरीला असलेले लोक दोन वर्षांच्या पदविकेसाठी इथे यायचे आणि परत आपापल्या जिल्ह्यात जायचे. तिथे त्यांचं काम होतं ते गावोगावच्या लोकांना मासळीचं नवं तंत्र समजावण्याचं. तेव्हा ही संस्था पहिल्या दिवसापासून शिक्षकांची होती, फक्त त्या शिक्षकांच्या दारावर 'मत्स्य अधिकारी' अशी पाटी असायची.

जागा मुंबईची का? १९५०-५१ साली देशात साडेसात लाख टन मासळी निघत होती आणि त्यातली ५.३४ लाख टन समुद्राची होती, म्हणजे दर दहा किलोमागे सात. मासा म्हणजे समुद्र, हे गृहीत धरायला काहीच हरकत नव्हती. मग मुंबईहून चांगलं बंदर कुठलं आणि वर्सोव्याहून चांगला शेजार कुठला?

अंगूलची १० जुलै

गंमत अशी की संस्था उघडण्याच्या चार वर्षं आधीच हे गृहीतक मोडायला सुरुवात झाली होती. तेही समुद्रापासून दूर, ओडिशातल्या अंगूल नावाच्या गावात.

रोहू, कटला, मृगळ हे आपल्या तळ्यांतले मासे तळ्यात वाढतात, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे मत्स्यपालन करणाऱ्याला दर वर्षी नदीतून बीज गोळा करावं लागायचं. त्यात कुठले मासे आलेत याची खात्री नाही आणि हवं तेवढं मिळेल याचीही नाही. ज्या शेतकऱ्याला बियाणं दर वर्षी जंगलातून वेचून आणावं लागतं, त्याच्या कामाला शेती तरी कसं म्हणायचं?

१० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी अंगूलमध्ये कार्प जातीच्या माशांना इंजेक्शन दिलं. इंजेक्शनमध्ये दुसऱ्या माशाच्या डोक्यातून काढलेल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क होता. माशांनी बंदिस्त पाण्यात अंडी घातली. बीज आता माणसाच्या हातात आलं. गव्हाला जसं बियाणं, तसं माशाला.

तंत्र निघालं तरी ते लाखो तळ्यांपर्यंत पोहोचवायला माणसं लागतात. १९७३-७४ पासून जिल्ह्याजिल्ह्यात मत्स्य शेतकरी विकास संस्था सुरू झाल्या आणि वर्सोव्यात शिकलेल्या अधिकाऱ्यांना खरं काम तिथे मिळालं. तळं कसं तयार करायचं, बीज किती सोडायचं, खाद्य कधी द्यायचं हे बांधावर उभं राहून सांगायचं.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२२-२३ मध्ये देशाचं मत्स्योत्पादन १७५ लाख टनांवर गेलं. त्यातलं १३१ लाख टन अंतर्गत पाण्यातलं होतं, म्हणजे तळी, नद्या, धरणं, खाजणं. चार किलोमागे जवळजवळ तीन. सत्तर वर्षांत पारडं पूर्ण फिरलं.

संस्थेचा नकाशाही तसाच आतल्या बाजूला पसरला. काकीनाडा आणि कोलकाता ही केंद्रं पाण्याकाठची. पण एक केंद्र मध्य प्रदेशात पवारखेड्याला, एक बिहारात मोतीपूरला आणि एक हरियाणात रोहतकजवळ लाहलीला आहे. रोहतकला समुद्र नाही, पण जमिनीखाली खारं पाणी आहे. त्या पाण्याने पिकं जळतात, शेतं पडीक राहतात. त्याच पाण्यात कोळंबी वाढवता येते, हे तिथे दाखवून दिलं गेलं. अंधेरीत शिकलेलं ज्ञान हरियाणाच्या पडीक रानात कामाला आलं.

म्हणजे वर्सोव्याच्या शाळेचा मासा हळूहळू शेतीत गेला. तिथे बीज आलं, खाद्य आलं, पीक काढणी आली. १९७९ मध्ये संस्था आयसीएआरकडे सोपवली गेली आणि १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. 'कृषी' हा शब्द तिला नीट बसला. शेजारचा कोळी मात्र पूर्वीसारखाच समुद्रात जात राहिला. तो पेरत नाही, शोधून आणतो.

परीक्षेची शिडी

आज ज्याला मत्स्यशास्त्राचा प्राध्यापक व्हायचंय त्याची वाट साधारण अशी. बारावी सायन्स, मग चार वर्षांची बीएफएससी, मग देशपातळीवरची आयसीएआरची प्रवेश परीक्षा देऊन एमएफएससी, पुन्हा परीक्षा देऊन पीएचडी आणि मध्ये कुठेतरी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची, म्हणजे एएसआरबीची, नेट. ती पास झाल्याशिवाय कृषी विद्यापीठात शिकवण्यासाठी अर्ज करणं अवघड. आयसीएआरमध्ये शास्त्रज्ञ व्हायचं तर त्याच मंडळाची आणखी एक परीक्षा आणि निवड झाल्यावर हैदराबादच्या अकादमीत प्रशिक्षण.

ही शिडी कंटाळवाणी वाटते, पण तिच्यामागे एक काळी गोष्ट आहे. १९७२ साली दिल्लीत आयसीएआरच्या एका कृषिशास्त्रज्ञाने आत्महत्या केली. भरती आणि बढतीच्या कारभाराबद्दलचा संताप तो मागे लिहून गेला होता. संसदेपर्यंत गदारोळ झाला. सरकारने चौकशी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं न्यायमूर्ती प्रल्हाद गजेंद्रगडकरांना, साताऱ्यात जन्मलेले आणि सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले. त्या धामधुमीतून १९७३ मध्ये एएसआरबी आली आणि १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा. साहेबाच्या मर्जीऐवजी परीक्षा, असा तो बदल होता. आज रात्री जागून एमसीक्यू सोडवणारी मुलं ज्या व्यवस्थेला वैतागतात, ती एका माणसाच्या मरणानंतर उभी राहिली आहे.

परीक्षा न्याय्य असते, कारण ती सगळ्यांना तोच प्रश्न विचारते. तिची मर्यादाही तीच. जे तिच्या पर्यायांत बसत नाही ते ती विचारतच नाही.

आता या शिडीवर वर्सोवा कोळीवाड्यातल्या एका मुलीला उभं करून बघू. कल्पनेतलीच. तिच्या घरापासून संस्था रिक्षाच्या अंतरावर. पण ही संस्था पदव्युत्तर शिक्षणाची. आधी बीएफएससी हवी आणि त्यासाठी महाराष्ट्रात प्रामुख्याने तीन ठिकाणं: रत्नागिरीजवळचं शिरगाव, नागपूर किंवा लातूर जिल्ह्यातलं उदगीर. सगळ्यात जवळचं शिरगाव, तेही सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे घराशेजारच्या वर्गात बसण्यासाठी तिला चार वर्षं शहर सोडावं लागणार, होस्टेलचा खर्च करावा लागणार आणि मग देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करून परत यावं लागणार. अशक्य नाही, पण वाट लांबची.

तिथीची पाऊणपट

त्या मुलीच्या आजोबांकडे काय ज्ञान असेल, याचं एकच उदाहरण देतो. ते मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, भरती तितक्या वाजता. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पंचांग आणि पावकी-पाऊणकीचा पाढा एवढ्यावर चालणारं अ‍ॅप.

हे बरोबर येतं का? चांद्रमासात तीस तिथ्या. तेवढ्यात भरतीची वेळ चोवीस तास सरकून पुन्हा जागेवर येते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला फक्त तीन मिनिटांची चूक. पंधरा तिथ्यांत ती पाऊण तासापर्यंत साठते, पण तेवढ्यात पौर्णिमा किंवा अमावास्या येते आणि मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते. चूक आपोआप रिसेट. तोंडी हिशेबाला सोपा अपूर्णांक निवडून चूक आटोक्यात ठेवायची, हे कुणीतरी फार विचार करून जमवलेलं आहे.

आणि हा हिशेब पोटाशी जोडलेला आहे. वर्सोव्याचे बोंबील डोल जाळ्यात मिळतात. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं, समुद्रात एका जागी रोवून ठेवलेलं जाळं. ते माशामागे धावत नाही, भरती-ओहोटीचा प्रवाह मासा त्यात आणून सोडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात धावतं, जाळं भरतं. अष्टमीच्या सुमाराला, ज्याला भांग म्हणतात, पाणी सुस्त असतं. कधी निघायचं, कधी घरी थांबायचं हे चंद्रावर ठरतं.

विद्यापीठात हेच ज्ञान वेगळ्या नावाने शिकवलं जातं, समुद्रविज्ञान म्हणून, आणि ते अधिक अचूक असतं. त्याबद्दल तक्रार नाही. पारंपरिक आहे म्हणून सगळं थोर, असंही मी म्हणणार नाही. माशांचे साठे किती उरलेत, पिल्लं पकडली तर पाच वर्षांनी काय होईल, पाण्यात शिसं किती, हे आजोबांच्या अंदाजाने कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. पण या दोन हिशेबांना एका फळ्यावर मांडणारा शिक्षक कोण, हा प्रश्न उरतोच. फुल्यांनी १८८२ मध्ये नांगराच्या मुठीबद्दल जे म्हटलं, ते वर्सोव्यात जाळ्याच्या दोरीला लागू पडतं.

शब्दाला लागलेली वर्षं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. 'कृषी' हा शब्द कुणाला कधी मिळाला?

मासा शिकवणाऱ्यांना तो १९६१ पासूनच जवळचा होता, कारण मासळीचा विषय केंद्रात अन्न आणि कृषी मंत्रालयाकडेच होता. १९७९ पासून त्यांची संस्था थेट कृषी परिषदेत आली. मासा पकडणाऱ्यांना किसान क्रेडिट कार्ड मिळू शकेल, अशी घोषणा झाली २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात. आणि महाराष्ट्रात मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला एप्रिल २०२५ मध्ये. शेतीच्या दराने वीज, शेतीसारखं कर्ज, शेतीसारखा विमा अशा सवलती त्या दर्जाबरोबर येतात.

१९६१ ते २०२५. चौसष्ट वर्षं. पुस्तकात मासेमारी शेतीच्या खात्यात होती आणि वीजबिलावर नव्हती. कोळीवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्याला आणि शीतगृहाला हा फरक दर महिन्याला रुपयांत कळत होता.

यात एका संस्थेला दोष देण्यासारखं काही नाही. दर्जा देणं हे सरकारचं काम, शिकवणाऱ्यांचं नाही. पण शिकवणाऱ्यांच्या हातात काही गोष्टी आहेत. एमएफएससीच्या विषयांत एक विषय 'विस्तार' आहे, म्हणजे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचं शास्त्र. आजवर त्याची दिशा बहुतेक वेळा विद्यापीठाकडून गावाकडे राहिली. नव्या दर्जानंतर कर्जाचा अर्ज, विम्याचा दावा, वादळात फाटलेल्या जाळ्याची किंमत, हे सगळं कोळ्यांना कागदावर मांडावं लागेल, आणि ते कागद वाचणारा अधिकारी वर्सोव्यातच शिकलेला असण्याची शक्यता बरीच आहे. डोल जाळं नुकसान भरपाईच्या तक्त्यात कसं बसतं हे त्याला कळलं नाही, तर दर्जा कागदावरच राहील. म्हणजे आज शिक्षक व्हायची तयारी करणाऱ्या मुलांनी काय शिकलं, यावर उद्या कुणाचं कर्ज मंजूर होतं हे ठरणार आहे.

अंगूलच्या त्या प्रयोगाची आठवण म्हणून देशात १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्यामुळे १० जुलैला वर्सोव्याच्या बोटी दर वर्षी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसं जाळी शिवत घरीच सापडतात. भाषणाला पाहुणे शोधायला फार लांब जायची गरज नाही. यारी रोडवरून रिक्षा मिळते.